लांबच्या सायकल राइडमध्ये दर वेळी हात बधिर होतात? ग्लोव्ह्ज बदलण्याआधी सीट तपासा

पहिले दोन-तीन तास काहीच जाणवत नाही. मग करंगळीत मुंग्या येतात, हात झटकला की जातात आणि थोड्या वेळाने परत येतात. पुढे पुढे झटकूनही जात नाहीत. शेवटच्या टप्प्यात गिअर टाकायला बोटं पुरत नाहीत, अख्खा तळहात लिव्हरवर दाबावा लागतो. घरी आल्यावर शर्टाची बटणं काढताना बोटं आपली वाटत नाहीत. एखाद्या खडबडीत रस्त्यावर एकदा असं झालं तर ते विसरून जावं. पण प्रत्येक मोठ्या राइडला हेच होत असेल, तर सायकलच्या मांडणीत किंवा बसण्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतंय आणि ते शोधून काढता येतं.

या तक्रारीवर बहुतेक जण आधी जाड ग्लोव्ह्ज घेतात, मग जेल पॅड बसवतात, मग बार टेपचा दुसरा थर चढवतात. त्याने त्रास तासभर पुढे ढकलला जातो, जात नाही. कारण प्रश्न तळहाताखाली काय आहे याचा नसतो, तळहातावर किती वजन पडतंय याचा असतो. आणि ते वजन कुठून येतं हे शोधायला निघालं की माणूस बहुतेक वेळा सीटपाशी येऊन पोचतो. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी बोटं, मग सीट, मग हँडलबार आणि सगळ्यात शेवटी ग्लोव्ह्ज.

नेमकी कुठली बोटं?

हात बधिर झाला एवढं सांगून काम भागत नाही. राइड सुरू असतानाच लक्ष द्या आणि नोंद ठेवा.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होत असेल, तर अल्नर नस दाबली जातेय. ही नस मनगटापाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेत, दोन छोट्या हाडांमधून जाते. हुड्सवर (वळणदार हँडलबारवरच्या ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर) किंवा सरळ बारवर हात टेकला की आपण बरोबर तिच्यावरच भार देतो. लांबच्या अंतराच्या सायकलस्वारांमध्ये सर्वात जास्त दिसतो तो हाच प्रकार.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर मीडियन नस दाबली जातेय. ती मनगटाच्या मधोमध एका अरुंद बोगद्यातून जाते. मनगट तासन् तास मागे वाकलेलं राहिलं की तिथली जागा आणखी आवळते. यात वजनाइतकाच मनगटाचा कोन दोषी असतो, म्हणून अशांनी हँडलबारचा भाग जास्त बारकाईने वाचावा.

आता एक खूण, जी फार कमी जण तपासतात. हात पालथा करा आणि पंजाच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या रेषेतल्या त्वचेवर दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. अल्नर नसेची तिथे जाणारी फांदी मनगटाच्या आधीच वेगळी होते. त्यामुळे नस मनगटात दाबली जात असेल तर करंगळी बधिर असूनही पंजाची ही मागची बाजू शाबूत असते. तीही बधिर लागली तर दाब मनगटाच्या वर आहे, बहुतेक कोपरात. एअरो बारवर (कोपरं टेकवून पुढे झुकायला लावलेल्या जादा दांड्यांवर) कोपर दुमडून बराच वेळ झोपून चालवणाऱ्यांना हा त्रास होऊ शकतो. मुंग्या मानेतून किंवा खांद्यातून खाली उतरत असतील आणि मान वळवली की वाढत असतील, तर मूळ मानेत आहे. या दोन्हींमध्ये हँडलबारची टेप बदलून काहीही होणार नाही.

वजन हातावर येतं कसं

सायकलवर बसलेल्या माणसाचं वजन तीन ठिकाणी वाटलं जातं: सीट, पेडल आणि हँडलबार. वाकून बसल्यावर धड पुढे कलतं आणि पुढे पडू पाहतं. ते पडू न देण्याचं काम पाठीचे आणि पोटाचे स्नायू करतात आणि त्यांना पायांची मोठी मदत असते. पेडल जोरात खाली दाबलं की त्याची उलट ताकद शरीराला वर उचलते. म्हणून चढावर, दम लागलेला असताना, हात हलके वाटतात. तोच माणूस सपाट रस्त्यावर रमतगमत चालला की हात जड होतात.

हा त्रास उशिरा का सुरू होतो याचं उत्तर इथेच आहे. चौथ्या-पाचव्या तासाला पाय थकतात, पेडलवरचा जोर कमी होतो. त्याच सुमारास पाठ आणि पोटही सैल पडतं. दोन्ही आधार एकदम कमी झाले की उरलेलं सगळं वजन हातांवर येतं, आणि आपण कोपरं ताठ करून खांद्यांवर लटकून बसतो. सायकल तीच, रस्ता तोच, पण सकाळी हातावर असलेला भार आणि दुपारी असलेला भार यांत मोठा फरक पडतो. तासाभराच्या राइडवर मांडणी झकास वाटली म्हणून ती दिवसभराच्या राइडला चालेलच असं नाही, ते यामुळेच.

तपासायची एक सोपी रीत आहे. सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवता येणाऱ्या स्टँडवर लावा, दहा-पंधरा मिनिटं मध्यम जोराने चालवा, हात हुड्सवर ठेवा आणि धड न हलवता दोन्ही हात बारपासून बोटभर वर उचला. काही सेकंद तसंच राहता आलं तर तोल ठीक आहे. हात उचलताच पुढे कोसळायला झालं किंवा आधी धड मागे घ्यावं लागलं, तर तुमचे हात खांबाचं काम करतायत. रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका. ट्रेनर नसेल तर सायकल भिंतीला टेकवून कुणाला तरी घट्ट धरायला सांगा. पेडलवर जोर नसल्याने उत्तर तितकं नेमकं येत नाही, पण अंदाज येतो.

सीट: इथेच सर्वात जास्त वेळ द्या

आधी कल बघा. सायकल सपाट फरशीवर उभी करा. फरशी खरंच सपाट आहे का तेही तपासा, कारण तिथलाच उतार मापात येतो. सीटवर लांबीच्या दिशेने एखादी ताठ फळी ठेवा आणि त्या फळीवर फोनमधलं लेव्हल दाखवणारं ॲप धरा. फोन थेट सीटवर ठेवू नका, कारण सीटला वळण असतं आणि फोन एखाद्या खळग्याचाच कोन दाखवतो.

सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर बरंचसं कोडं तिथेच सुटलं. अनेक जण मांड्यांमधल्या नाजूक भागावर दाब येतो म्हणून नाक खाली करतात. तो दाब कमी होतो खरा, पण शरीर पूर्ण वेळ पुढे घसरत राहतं आणि ती घसरण हात थांबवतात. याची खूण ओळखायला सोपी आहे: तुम्ही दर काही मिनिटांनी ढुंगण उचलून मागे सरकून बसता का? सीटच्या पुढच्या अर्ध्या भागावरचं कव्हर मागच्यापेक्षा जास्त गुळगुळीत झालंय का? दोन्हींचं उत्तर होय असेल तर मोजायचीही गरज नाही. माझ्या ओळखीच्या एका सायकलस्वाराच्या बारवर दुहेरी टेप होती, हातात जाड जेलचे ग्लोव्ह्ज होते, तरी ब्रेव्हेच्या (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) शेवटी त्याला बिस्किटाचा पुडा फाडता येत नसे. त्याच्या सीटचं नाक नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकं खाली होतं. ते सरळ केल्यावर पुढच्या मोठ्या राइडमध्ये मुंग्या आल्या, पण झटकल्यावर गेल्या. बाकीचं काम हँडलबारमधल्या बदलांनी केलं.

म्हणून सीट आधी सरळ करा. मग गरजेप्रमाणे एक-दीड अंश इकडे-तिकडे. सरळ सीटवर नाजूक भाग दुखत असेल तर ती सीट तुमच्या हाडांच्या रुंदीची नाही किंवा तिचा आकार तुम्हाला जुळत नाही. त्यावर उपाय दुसरी सीट हा आहे, नाक खाली करणं हा नाही.

मग उंची. सीट जास्त उंच असेल तर पेडल तळाशी पोचताना कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि पाय पुरावा म्हणून माणूस नकळत सीटच्या पुढच्या टोकाकडे येतो. म्हणजे परत वजन पुढे. मागून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. कंबर डुलताना दिसली तर सीट तीन-चार मिलीमीटरच्या टप्प्यांनी खाली आणा.

आणि मग तिसरी गोष्ट, जी मला सर्वात महत्त्वाची वाटते: सीट पुढे-मागे. गुडघा पेडलच्या अक्षाच्या बरोबर वर यावा हा नियम खूप ठिकाणी ऐकायला मिळतो. सुरुवातीचं माप म्हणून तो चालतो, तोल ठरवायला नाही. बसायची जागा जितकी मागे, तितकं वजन पायांच्या मागे जातं आणि हात हलके होतात. वरची हात उचलायची चाचणी जमत नसेल तर सीट ५ मिलीमीटर मागे घ्या आणि पुन्हा बघा. लक्षात ठेवा, सीट मागे नेली की ती पेडलपासूनही लांब जाते. नेहमीच्या फ्रेमवर ५ मिलीमीटरला साधारण दीड मिलीमीटर. तेवढी ती खाली घ्या, नाहीतर उंचीचा नवा घोळ सुरू होईल.

सीट मागे नेल्यावर हँडलबारही तेवढाच लांब पडतो. तो ताणून पकडावा लागत असेल तर आता स्टेम (हँडलबार सायकलला जोडणारा तुकडा) आखूड करायची वेळ आली. लोक नेमकं उलटं करतात: सीट पुढे ठेवून आखूड स्टेम लावतात. हँडलबार जवळ येतो, पण धड पुढेच कललेलं राहतं आणि हात सरळ खाली दाबले जातात. सीटची जागा पायांसाठी आणि तोलासाठी ठरवायची. हँडलबारपर्यंतचं अंतर त्यानंतर.

एका वेळी एकच बदल करा. जुन्या जागेवर टेपची खूण लावा, सीटपोस्टवर आणि सीटच्या रेल्सवर (सीटखालच्या दोन दांड्यांवर) दोन्हीकडे. बोल्ट आवळताना त्या भागावर लिहिलेला टॉर्क (आवळण्याच्या जोराचं माप) पाळा, विशेषतः कार्बन सीटपोस्ट असेल तर.

हँडलबार

इथे बघायचं ते मनगट. हात हुड्सवर ठेवल्यावर कोपरापासून पंजापर्यंत एक सरळ रेष दिसली पाहिजे. मनगट मागे मोडत असेल तर हुड्स वर-खाली करून बघा. हुड्स फार खाली झुकले असतील तर हात पुढे घसरतो आणि पकड आवळावी लागते. फार वर उचललेले असतील तर मनगट बाजूला मोडतं. बार आणि हुड जिथे जुळतात तिथे टेपखाली खड्डा किंवा कडा राहिली असेल तर तीही करंगळीच्या टाचेवर टोचते. टेप उलगडून ती जागा भरून घ्या.

बारची रुंदी साधारण खांद्याच्या हाडांइतकी हवी. रुंद बारवर कोपरं बाहेर जातात आणि भार तळहाताच्या कडेवर पडतो.

सरळ हँडलबारवाल्या हायब्रिड किंवा एमटीबीवर (माउंटन बाइकवर) त्रास जास्त होतो, कारण हाताला एकच जागा मिळते. दोन गोष्टी लगेच करा. ब्रेक लिव्हर जमिनीला समांतर असतील तर खाली वळवा, म्हणजे बोटं लिव्हरवर ठेवल्यावर मनगट मोडणार नाही. आणि तळहाताला रुंद टेकण देणाऱ्या, पंखासारख्या ग्रिप्स लावा. त्या बसवतानाही कोन चुकला तर मनगट वर ढकललं जातं, म्हणून बसल्या जागी फिरवून बघा. बारच्या टोकांना बार एंड (शिंगांसारखे छोटे दांडे) लावले तर हाताला दुसरी जागा मिळते. रोज लांब अंतर कापायचं असेल तर ती हवीच.

पाठीवर बॅग घेऊन चालवत असाल तर ती उतरवा. त्या बॅगेचा बराचसा भार वाकलेल्या खांद्यांतून हातांत उतरतो. सामान फ्रेमवर किंवा सीटमागे बांधा. हँडलबारला जड बॅग असेल तर बार सतत इकडेतिकडे ओढला जातो आणि आपण नकळत मूठ घट्ट करतो.

टायरमधली हवा

टायरच्या कडेला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, सल्ला नाही. त्या आकड्यापर्यंत हवा भरली की रस्त्याचा प्रत्येक खडा थेट मनगटात पोचतो आणि तासन् तासची थरथर नसेला त्रासदायक ठरते. पुढच्या चाकावर वजन कमी असतं, त्यामुळे तिथे मागच्यापेक्षा थोडी कमी हवा चालते. पुढच्या चाकातून ५ पीएसआय काढा, ओळखीच्या रस्त्यावर फिरा, मग वाटल्यास आणखी ५. खड्ड्यात रिम जमिनीला टेकल्याचा ठणका बसला तर जास्त काढली, कारण अशाने ट्यूब चिमटून पंक्चर होते. फ्रेममध्ये जागा असेल तर २५ ऐवजी २८ किंवा ३२ मिलीमीटरचे टायर घ्या. लांबच्या राइडसाठी याहून चांगला खर्च क्वचितच असेल.

चालवताना

मांडणी कितीही अचूक असली तरी हात तासन् तास एकाच जागी ठेवला तर तो बधिर होऊ शकतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदला: हुड्स, बारचा वरचा सपाट भाग, ड्रॉप्स (बारचा खाली वळलेला भाग). त्रास सुरू झाल्यावर नाही, आधीपासून, पहिल्या तासापासून. सायकल कॉम्प्युटरला ठरावीक वेळाने वाजणारी सूचना लावता येते. पाणी पिण्याची सूचना लावत असाल तर त्याच वेळी हाताची जागाही बदला.

बसताना वाक कमरेतून नाही, खुब्यातून यायला हवा. पाठीचा कुबड काढून पुढे वाकलं की मान वर करावी लागते, खांदे कानांपाशी येतात आणि कोपरं ताठ होतात. ओटीपोट पुढे कलवून पाठ लांब ठेवा, मग कोपरं आपोआप सैल पडतात. ती सैल आहेत का हे तपासायला चालवताना कोपरं पंख फडफडवल्यासारखी हलवा. हँडलबार डगमगला तर तुम्ही त्यावर रेलले आहात.

खराब रस्ता आला की सीटवर बसून मार खाऊ नका. दोन्ही पेडल एका पातळीत आणा, टाचा किंचित खाली, ढुंगण सीटवरून बोटभर वर, गुडघे आणि कोपरं मऊ, बोटांची पकड नुसती बारला वेढलेली. वजन पायांवर आलं पाहिजे. हे कौशल्य उतारावर, गतिरोधकावर आणि उखडलेल्या डांबरावर पुन्हा पुन्हा गिरवा, कारण दमल्यावर शरीर फक्त सवयीचंच करतं. सपाट रस्त्यावरही अधूनमधून जड गिअर टाकून पंधरा-वीस सेकंद उभं राहून चालवा. हात, पाठ आणि बसायची हाडं तिन्ही मोकळी होतात.

लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. ड्रॉप्समधून एक-दोन बोटांनी, वळणाआधी जोरात आणि मग सोडून. हुड्सवरून पूर्ण पंजाने अर्धा तास ब्रेक धरला तर त्या उतारानंतर हात किती वेळ दुखतो ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको.

मोठ्या राइडआधी

ब्रेव्हेची वेळमर्यादा बघा: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. हातांच्या दृष्टीने किलोमीटर महत्त्वाचे नाहीत, हे तास महत्त्वाचे आहेत. म्हणून सराव वेळेत मोजा. सर्वात लांब राइड दर आठवड्याला थोडी थोडी वाढवा आणि २०० च्या आधी सहा-सात तास सलग खोगिरावर काढलेले असू द्या. सीट किंवा स्टेममधला कोणताही बदल ब्रेव्हेच्या आठवड्यात करू नका. नवी मांडणी दोन-तीन लांब राइड टिकली की मगच ती खरी.

सायकलबाहेरचा व्यायाम टाळून चालणार नाही. प्लँक, बर्ड डॉग (हातागुडघ्यांवर येऊन विरुद्ध बाजूचा हात आणि पाय उचलायचा व्यायाम) आणि खुब्यातून वाकायचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा. पोट-पाठ धड पेलू शकत नसेल तर जगातली कुठलीही सीट हातांना वाचवू शकत नाही.

ग्लोव्ह्जबद्दल थोडक्यात: पातळ, दोन गाद्यांमध्ये मनगटापाशी मोकळी खाच असलेले घ्या आणि पट्टा सैल ठेवा. फार जाड गादी असेल तर पकड आणखी आवळावी लागते.

रस्त्यातच बधिर झाला तर

थांबा, ग्लोव्ह्ज काढा, हात खाली सोडून बोटं उघडमिट करा. मनगट जोरजोरात ताणू नका, आधीच दुखावलेल्या नसेला ते नको असतं. सीटचं नाक खाली असेल तर ॲलन कीने ते सरळ करा, पुढच्या चाकातली थोडी हवा सोडा, पाठीवर काही असेल तर सायकलवर बांधा. त्यानंतर बधिर हाताची जागा दर पाच मिनिटांनी बदला. ब्रेक लिव्हर पूर्ण दाबता येत नसेल, तर पुढे उतार आहे की नाही याचा विचार न करता राइड तिथेच थांबवा.

डॉक्टरांकडे कधी

साधारणपणे मुंग्या काही मिनिटांत ते काही तासांत जातात. बधिरपणा काही दिवसांनीही तसाच असेल तर वाट बघू नका. दोन्ही हात आणि पायही बधिर होत असतील तर सायकलचा दोष धरू नका, बी१२ ची कमतरता किंवा मधुमेह यांची तपासणी करून घ्या.

अल्नर नसेची खोल फांदी फक्त स्नायू हलवते, स्पर्श कळवत नाही. ती दुखावली तर मुंग्या जराही न येता हाताची ताकद जाऊ शकते, आणि म्हणून हे प्रकरण लक्षात यायला उशीर होतो. मोठ्या राइडनंतर दुसऱ्या दिवशी हे करून बघा: अंगठा सरळ ठेवून तो आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये एक कागद धरा आणि दुसऱ्याला तो ओढायला सांगा. मग दुसऱ्या हाताने तेच. एका हाताचा अंगठा कागद धरून ठेवण्यासाठी टोकाच्या सांध्यात वाकत असेल किंवा कागद सहज निसटत असेल, तर मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना सायकलचे तास सांगा. नसेचा वेग मोजणारी तपासणी दाब कुठे आहे ते दाखवू शकते. दोन्ही हात कागद सारखाच धरू लागेपर्यंत ट्रेनरवर ताठ बसून, हात बारवर न टेकता पाय चालू ठेवता येतात. बाहेरची लांब राइड तोवर नको.